रोज एक टँकर कुठे जात होता?

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे. गावाचं नाव लिहीत नाही. यातली माणसं अजून त्याच कार्यालयात बसतात आणि मला घरपट्टी भरायला तिथंच जावं लागतं. मी निवृत्त गणित शिक्षक. तलाव वाचवायच्या खटपटीत वही माझ्याकडे होती, म्हणून हे लिहिणंही माझ्याच गळ्यात पडलं.

तलाव म्हणजे जलतरण तलाव. नगर परिषदेचा, बाजाराच्या मागच्या बाजूला, कडुनिंबाच्या रांगेला लागून. पंचवीस मीटर लांब, बारा मीटर रुंद. एका टोकाला तीन फूट पाणी, दुसऱ्या टोकाला सहा. सरासरी धरली तर चार लाख लिटर. शेजारी स्वतःची बोअरवेल, एक पंप, वाळूचा एक फिल्टर आणि पत्र्याच्या दोन कपडे बदलायच्या खोल्या. मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत चालायचा. दहा रुपये तिकीट.

खेड्यापाड्याच्या भागात पोहायला तलाव कशाला, असं पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना वाटतं. आमची पिढी विहिरीत शिकली. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा आणि काकाने वरून ढकलून द्यायचं, एवढंच प्रशिक्षण. आता त्या विहिरींपैकी अर्ध्या कोरड्या आहेत आणि उरलेल्यांत मोटरी, केबल, पाइप. नदीत वाळूउपशाचे खड्डे. गुडघाभर पाण्यातून चालता चालता पोरगं एकदम पुरुषभर खाली जातं. आणि 2016 नंतर 'मागेल त्याला शेततळे' योजनेत शेततळी वाढली. ज्या शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर असतं त्यात पडलेला माणूस पोहता येत असूनही बाहेर येऊ शकत नाही. उतारावर शेवाळ धरतं, पाय टेकत नाही, हात धरायला काही नसतं. काठाला गाठी मारलेला दोर सोडून ठेवला तर जीव वाचतो. किती शेततळ्यांवर तो दोर दिसतो, ते ज्याने त्याने आपल्या शिवारात पाहावं.

14 सप्टेंबर 2021 ला वरुड तालुक्यात झुंज इथं वर्धा नदीत नाव उलटली आणि एकाच गोतावळ्यातली अकरा माणसं गेली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या तलावावर पहिल्यांदा आया स्वतः पोरींना घेऊन आल्या. महिलांसाठी सकाळी सात ते आठ असा तास सुरू झाला तो तेव्हाच.

नोटीस

फेब्रुवारी 2024 मध्ये तलावाच्या फाटकावर कागद लागला. पाणीटंचाई, दुरुस्तीचा खर्च आणि जीवरक्षकाचं पद रिक्त, अशी तीन कारणं देऊन तलाव 'पुढील आदेशापर्यंत' बंद. पुढील आदेश म्हणजे काय, हे सरकारी कागद वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही.

जायचं कोणाकडे? एरवी नगरसेवकाच्या ओट्यावर जाऊन बसता येतं. पण ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकल्यामुळे 2022 पासून राज्यातल्या बहुतेक नगर परिषदांवर प्रशासक होते. आमच्याकडे मुख्याधिकारी मॅडमच प्रशासक. ठराव मांडणाऱ्या त्या, मंजूर करणाऱ्या त्या, अंमल करणाऱ्याही त्याच. यात एक सोय होती, समजवायचं एकाच माणसाला. अडचण अशी की त्या माणसाला मत मागायला कोणाच्या दारी जायचं नव्हतं.

गावात एकच चर्चा: तलाव बुजवून तिथं दुकानांचे गाळे काढणार. पानठेल्यावर गाळ्यांची संख्यासुद्धा ठरली होती. आम्ही त्या चर्चेवर विश्वास ठेवला. सह्या गोळा केल्या, 'गाळे नको, तलाव हवा' असे फलक रंगवले, तहसीलपर्यंत मोर्चा नेला, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन दिलं. नगर परिषद अधिनियम 1965 च्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी नगर परिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात, हे आमच्यातल्या एका वकिलाने शोधून काढलं. निवेदनात ते कलम ठळक अक्षरात घातलं.

दरम्यान कोणीतरी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात तलावाची फाईल मागितली होती. तिसाव्या दिवशी ती हातात आली आणि आमची तोंडं पाहण्यासारखी झाली. गाळ्यांबद्दल फाईलमध्ये एक ओळ नव्हती. आराखडा नाही, पत्र नाही, टिपणी नाही. तेव्हा पुढं-मागं कोणाच्या मनात असेलही, पण कागदावर शत्रू नव्हताच. पहिले दोन महिने आम्ही हवेत काठी फिरवत होतो.

फाईलमध्ये दुसरंच होतं. 2023 च्या उन्हाळ्यात तलावासाठी टँकरची बिलं. जवळजवळ रोज एक, दहा हजार लिटरचा. बोअरवेल चालू असताना वरून टँकर. आणि समासात कोणीतरी पेनने लिहिलेलं: 'बाष्पीभवन'.

मावशींचा प्रश्न

त्या शब्दाकडे यायच्या आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आमची खरी परीक्षा कार्यालयात झालीच नाही. ती झाली टेकडीवरच्या वस्तीत, सह्या मागायला गेलो तेव्हा. एका मावशींनी कागद हातात घेतला, वाचला, परत दिला.

"आमच्या घरी चौथ्या दिवशी नळ येते सर, अन् तुमाले पोहाले पानी पायजे?"

2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने पाण्यासाठी काय भोगलं ते जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. या प्रश्नाला 'क्रीडा संस्कृती' वगैरे उत्तर देणं म्हणजे निर्लज्जपणा. मी माझ्या स्वभावाप्रमाणे हिशेब सांगितला. भुयारी गटार नसलेल्या गावाला माणशी सत्तर लिटर रोज असा पाणीपुरवठ्याचा निकष आहे. वीस हजार वस्ती धरली तर दिवसाचे चौदा लाख लिटर. तलाव वर्षातून एकदा भरायला चार लाख. म्हणजे गावाच्या एका दिवसाच्या पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, तेही वर्षातून एकदा, तेही नळाचं नाही, बोअरचं.

मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तं मंग तो टँकर कायले जाते रोज तिकडं? आमच्या वस्तीवरूनच जाते ना तो."

वहीत मी त्या दिवशी फक्त हेच वाक्य लिहिलं. त्या टँकरचं उत्तर आमच्याकडे नव्हतं, आणि ते मिळेपर्यंत त्या वस्तीत पुन्हा सह्या मागायच्या नाहीत असं ठरलं.

बादली

विदर्भात मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी उन्हाने आणि वाऱ्याने दिवसाला सेंटीमीटरभर, कधी त्याहून जास्त उतरते. तलावाचं क्षेत्रफळ तीनशे चौरस मीटर. एक सेंटीमीटर म्हणजे तीन हजार लिटर. एवढं बोअर सहज भरून काढते. दहा हजार लिटरचा टँकर रोज लागत असेल तर बाष्पीभवनाशिवाय आणखी कोणीतरी पाणी पीत होतं.

हे 'कोणीतरी' शोधायची पद्धत साधी आहे आणि कोणत्याही गावाला करता येते, म्हणून सविस्तर लिहितो. प्लास्टिकची बादली घ्यायची, तळाला दोन विटा ठेवायच्या म्हणजे ती तरंगणार नाही. तलावाच्याच पाण्याने भरून ती तलावाच्या पायरीवर अशी ठेवायची की बादलीतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एका पातळीत येईल. दोन्हीकडे खूण करायची. चोवीस तासांनी पुन्हा मोजायचं. ऊन, वारा दोन्हीवर सारखाच. बादलीतलं जेवढं उतरलं ते बाष्पीभवन. तलावाचं त्याहून जे जास्त उतरलं ती गळती. एकदा पंप चालू ठेवून मोजायचं, एकदा बंद ठेवून. पंप चालू असताना फरक वाढत असेल तर भिंत फुटलेली नाही, दाबाने पाणी परत आणणारी पाइपलाइन फुटली आहे.

पण पंप चालवायला परवानगी हवी. आणि 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागलेली. यवतमाळ-वाशीमचं मतदान 26 एप्रिलला, निकाल 4 जूनला. त्या काळात कार्यालयात कुठलंही काम नेलं की उत्तर एकच: आचारसंहिता. निविदा नाही, नवा खर्च नाही, निर्णय नाही. हंगाम गेलाच होता. आम्ही मॅडमना एवढंच म्हणालो की जुना पंप एक दिवस-रात्र चालवण्यात निविदा कुठे येते? त्या हसल्या. त्यांनी तलावावरच्या माणसाला फोन लावला.

तलावावरचा माणूस म्हणजे काका. जातीने भोई, नदीकाठचे, रोजंदारीवर पंधरा-सोळा वर्षं. पंप तेच चालवत, ब्लिचिंग तेच टाकत, बुडणाऱ्याला तेच काढत. पद मात्र 'मजूर'. मी बादली, टेप, खडू घेऊन गेलो, पद्धत समजावून सांगू लागलो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, पंप चालू असला का पानी जास्त उतरते. कडुनिंबाच्या बाजूनं जमीन ओली लागते. म्या तं तीन साल झाले सांगून रायलो."

कोणाला सांगितलं?

"जो येईल त्याले."

मी तरी बादली ठेवली. कारण काकांचं म्हणणं फाईलला लावता येत नाही, आकडा लावता येतो. हे वाक्य लिहिताना मला फारसं बरं वाटत नाही, पण झालं ते असं.

पंप चालू: बादली 12 मिलिमीटर उतरली, तलाव 46. फरक 34 मिलिमीटर, म्हणजे दहा हजार दोनशे लिटर. रोजचा एक टँकर, वर थोडं.

पंप बंद: बादली 11, तलाव 17. फरक सहा. अठराशे लिटर.

टँकर पाइपलाइनमध्ये जात होता. अधिक नेमकं सांगायचं तर काळ्या मातीत. आपली कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते की भेगेत हात जातो. त्या मातीत कडक पाइप सांध्यांनी जोडून पुरला की दर वर्षी जमीन त्याला एकदा उचलते, एकदा सोडते. कुठला तरी सांधा तुटतोच. तुटला की ओल कडुनिंबाला कळते आणि मुळं तिकडे वळतात. पुढं खोदलं तेव्हा सांध्यात मुळांचा अक्षरशः पुंजका होता.

तीन आकडे, दोन तारखा, काकांचं म्हणणं आणि खाली मोजणाऱ्यांच्या सह्या, असा एका पानाचा कागद केला. मोर्चाचं निवेदन पाच पानांचं होतं. त्याला पोच मिळाली होती. या पानाला नगर अभियंत्यांचा फोन आला.

पाणी काढू नका

जूनमध्ये नवंच संकट. आरोग्य विभागाचं म्हणणं, साचलेलं पाणी, डेंग्यू होईल, तलाव रिकामा करा. ऐकायला शहाणपणाचं. प्रत्यक्षात काळ्या जमिनीतला तलाव पावसाळ्यात रिकामा ठेवणं म्हणजे त्याला मारून टाकणं. भोवतीची माती पाणी पिऊन फुगते आणि भिंतींना आत ढकलते. खाली साचलेलं पाणी तळाला वर उचलतं. पुरात भरलेलं टिपाड जागेवर राहतं आणि रिकामं तरंगतं, तसंच. आतल्या पाण्याचं वजनच तलावाला धरून ठेवतं. एकदा तळ तडकला की दुरुस्तीचा आकडा बघून कोणीही 'बुजवा' म्हणेल, आणि मग गाळ्यांची चर्चा खरी व्हायला वेळ लागणार नाही.

तोडगा हिवताप विभागातूनच निघाला. गप्पी मासे. डासांच्या अळ्या खातात, फुकट मिळतात. काकांनी दोन कॅन आणून सोडले. त्या पावसाळ्यात आमचा जलतरण तलाव हिरवागार होता आणि पोरं काठावर बसून मासे मोजत होती. तलाव वाचवा समितीने काय केलं, असं कोणी विचारलं की मी सांगायचो, मत्स्यपालन.

जुलै-ऑगस्ट तर कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. लाडकी बहीण योजनेचे अर्ज. जो बाबू तलावाची फाईल बघायचा तोच अर्ज तपासायला. आम्ही गेलो नाही, जाऊन उपयोगही नव्हता. आमच्या समितीतल्या तीन जणीही त्याच रांगेत होत्या. मग 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, 20 नोव्हेंबरला मतदान. एका वर्षात दोन आचारसंहिता आणि एक योजना, यांच्या मधल्या फटीतून तलावाची फाईल जेवढी सरकली तेवढी सरकली.

पैसे

पाइपलाइन जमिनीतून काढून भिंतीला धरून वरून न्यायची, लवचीक सांधे घालायचे, असं नगर अभियंत्यांनी सुचवलं. नगर परिषदेने साहित्याचा खर्च उचलायचं मान्य केलं, मजुरी आणि फिल्टरची वाळू लोकवर्गणीतून.

वर्गणी म्हटलं की गावाला गणपती आठवतो, आणि गणेश मंडळवाल्यांनाच ठाऊक होतं की नोंदणी नसताना सार्वजनिक वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 सी खाली परवानगी लागते. आमच्या समितीची नोंदणी नव्हती. म्हणून गावातल्या जुन्या, नोंदणीकृत व्यायामशाळेच्या पावतीपुस्तकावर पैसे घेतले आणि हिशेब दर आठवड्याला तलावाच्या फाटकावर डकवला. व्यापाऱ्यांनी दिले, शिक्षकांनी दिले. सर्वात जास्त पावत्या महिलांच्या तासाला येणाऱ्या बायांच्या नावाने फाटल्या, रकमा लहान.

टेकडीवरच्या वस्तीत आम्ही पुन्हा गेलो ते जानेवारी 2025 मध्ये. वर्गणी मागायला नाही, टँकर कुठे जात होता ते सांगायला. मावशींनी बादलीची गोष्ट दोनदा सांगायला लावली. मग म्हणाल्या, "बोअर हाये ना तिथं? मंग तिचा एक नळ बाहीर काढा."

नळ निघाला. भिंतीबाहेर, वापरायच्या पाण्यासाठी, दुपारी दोन तास. बोअरचं पाणी जड आहे, पिण्याचं नाही, तशी पाटी लावली. मावशी तलावाच्या बाजूने झाल्या असं मी म्हणणार नाही. सही त्यांनी शेवटपर्यंत केली नाही. पण त्यानंतर वस्तीतून विरोध झाला नाही, आणि समितीच्या बैठकीत नळाच्या वेळेवरून सर्वात जास्त भांडणं झाली, जे मला चांगलं लक्षण वाटलं.

उघडला, पण

एप्रिल 2025 मध्ये तलाव उघडला. उशिरा, आणि पूर्ण नाही. जीवरक्षक एकच मिळाला, म्हणून खोल बाजू दोर लावून बंद. मुख्याधिकारी मॅडमचं म्हणणं स्पष्ट होतं: "पाणी देणं माझ्यावर बंधनकारक आहे, पोहायला शिकवणं नाही. इथं एक पोरगं गेलं तर चौकशी माझी." आम्हाला त्यावर उत्तर नव्हतं. आजही नाही.

महिलांचा तास मात्र दोन तास झाला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेली एक मुलगी शिकवायला आली. पहिला आठवडा कपड्यांच्या वादात गेला. सलवार-कुर्ता चालेल का? तिने नीती-अनीतीत न शिरता फिल्टरची जाळी काढून दाखवली. सुती कापडाचे धागे, ओढणीचे दोरे, केस. जाळी तुंबली की पंप कोरडा ओढतो आणि जळतो. तेव्हा सिंथेटिक टी-शर्ट, पूर्ण पायाची चड्डी आणि टोपी, ओढणी नाही, यावर सगळ्या राजी झाल्या. ज्या सासवांची समजूत घालायला आम्ही पुरुष मंडळी भाषणं तयार करत होतो, त्यांचा प्रश्न जाळीने मिटवला.

मे महिन्यात एकही टँकर लागला नाही. ते बिल नसणं हाच आमचा सर्वात मोठा पुरावा आहे, पण नसलेलं बिल फाईलला कसं लावायचं?

काकांचं काय झालं, हे लोक विचारतात. जीवरक्षकाच्या कंत्राटाला प्रमाणपत्र लागतं. ते काकांकडे नाही, म्हणून बाहेरगावचा एक तरुण आला. पोरगा चांगला आहे. पहिल्या आठवड्यात बोअरचा कोणता व्हॉल्व्ह कुठे आहे ते काकांनी त्याला दाखवलं. पगार त्याला काकांपेक्षा जास्त आहे. काकांना प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसवायचं ठरलं, अर्ज भरला, मग वयाची अट आडवी आली. समितीच्या शेवटच्या तीन बैठकांत हा विषय होता आणि तिन्ही वेळा 'पुढील बैठकीत' असं लिहून मीच वही बंद केली.

डिसेंबर 2025 मध्ये अखेर नगर परिषदांचं मतदान झालं. आता नगरसेवक आहेत, ओटे आहेत. तलाव व्यायामशाळेला चालवायला द्यावा असा आमचा अर्ज आहे. नगर परिषद अधिनियमाच्या कलम 92 प्रमाणे तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा करायचा तर वरची मंजुरी लागते, म्हणून तीनच वर्षं मागितली आहेत. समितीत यावरही एकमत नाही. व्यायामशाळेकडे गेला तर तिकीट वाढेल आणि टेकडीवरची पोरं फाटकाबाहेर राहतील असं म्हणणारे काही जण आहेत, आणि मी त्यांच्यातला आहे.

दर सोमवारी काका पायरीवर बादली ठेवतात. मंगळवारी मी जाऊन वाचतो. गेल्या वेळी बादली 6 मिलिमीटर उतरली, तलाव 9. तीन मिलिमीटर म्हणजे नऊशे लिटर. पंप चालू असो की बंद, फरक तेवढाच राहतो, म्हणजे आता पाइप नाही, भिंत किंवा तळ. काका म्हणतात खोल बाजूच्या कोपऱ्यात आहे. या वेळी त्यांचं म्हणणं मी तारीख घालून लिहून घेतलं आहे.